नवस कुणाचा

‘एकाच नावाची दोन माणसं सापडली, तर अंदाजाने निरोप पाठवू नये. आधी विचारावं.’ एवढं लिहून तन्वीने मान वर केली, तर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, परशुरामकाका खांद्यावर पंचा टाकून उभे.

ती लिहीत होती यंत्रासाठी. पुण्याच्या तिच्या कंपनीत आता कर्मचाऱ्यांचे निरोप एआय एजंट पोचवणार होते. ‘सावंतांना कळव’ म्हटलं की कंपनीतल्या ढीगभर सावंतांतला नेमका कोणता, हे एजंटने एका साधनातून शोधायचं. ते साधन कसं वापरायचं याची माहिती ती कोकणातल्या वालावलच्या घरात, पडवीत बसून तयार करत होती. माणसाला सहज कळतं असं आपण धरून चालतो, ते सगळं यंत्राला ओळीओळीने सांगावं लागतं.

“नारळ खंय आसा?” काकांनी विचारलं. गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा. देवाशी बोलायचं ते त्यांनी, बाकीच्यांनी नुसतं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

तन्वीने नारळ पुढे केला. “काका, गाऱ्हाण्यात माझा नाव घेवा हां. नवस माझो आसा.”

नवस तिचाच होता. आई पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा पुण्याची खोली सोडून ती इथे आली. आईला अंघोळ घालणं, कूस बदलणं, बेडपॅन, सगळं तिच्याच हातचं. आई तुळशीपर्यंत चालत गेली तर नारळ ठेवीन, असं ती देवाला बोलली होती. आज सकाळी काठी टेकत आई तुळशीपर्यंत गेली.

“तुझा नाव?” काका हसले. “घराचो झील सुदेश. तू उद्या लगीन होऊन जातलंस. मगे देवान तुका खंय शोधूचा?” सुदेश म्हणजे तन्वीचा ठाण्याला राहणारा भाऊ.

“आवस पडली तरी तो ठाण्यासून येवक नाय, काका. ह्या नवसाचा तेका ठावकय नाय.”

तिने आईकडे पाहिलं. निदान आई आपली बाजू घेईल अशी तिची खात्री होती. आई खळ्यातल्या खुर्चीत बसून पदर सारखा करत होती.

“सुदेशाच्याच नावान घाल रे, परशुराम,” आई म्हणाली. “झील आसताना चेडवाचा नाव घेतला तर लोक काय म्हणतले?”

तोवर शेजारचे पुरुष येऊन उभे राहिले होते. काकांनी नारळ तुळशीपुढे ठेवला आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा, ह्या सुदेशान आपल्या आवशीसाठी नवस केल्लो...”

“व्हय म्हाराजा!”

“तो आज नारळ ठेवन फेडता हा. म्हाताऱ्या आवशीची सेवा करता हा. तेका यश दी, बरकत दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सगळ्यांत मोठा आवाज आईचा होता.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबाला निदान बीळ कुठे आहे ते ठाऊक असतं. काकांनी कौतुकाने नारळाचा फोटो काढून सुदेशला पाठवला. लगेच उत्तर आलं, ‘कसलो नवस?’ काकांनी ते वाचलं, फोन खिशात टाकला आणि चहा मागितला.

चहा तन्वीनेच केला. मंडळी गेली, आई आत जाऊन पडली, तेव्हा पेले विसळून ती पुन्हा लॅपटॉपपाशी बसली आणि तिने एक ओळ वाढवली: ‘नाव सापडलं म्हणजे माणूस सापडला, असं धरू नये.’

लिखाण तपासणाऱ्या देवेशने पुण्याहून बाजूला शेरा मारला, ‘हे वेगळं सांगायला हवं का? एवढं तर कुणालाही कळतं.’

‘नाही कळत,’ तिने लिहिलं.

आतून आईची हाक आली, “तन्वी गो, माका वायच उठय.”

ही हाक मारताना आई नावात कधी चुकली नव्हती.