भिंतीत धरलेला

भिंतीला शिडी लागल्याचा आवाज आला, तशी सिदोनी आजी अर्धा सोललेला बटाटा हातात घेऊनच बाहेर आली.

"काय चाललंय इथे?"

"काही नाही आजी, एवढंसं काम," नगरपालिकेचे युसाँसाहेब खालून म्हणाले. शिडीवर गवंडी होता. "तेवढा गोळा काढून नेतो. उद्या जर्मन सेनापती याच रस्त्यानं जाणार. बरं दिसत नाही."

दाराच्या वर जर्मन तोफेचा गोळा अर्धा भिंतीत, अर्धा बाहेर होता. खाली साल कोरलेलं होतं, १८७०. या फ्रेंच गावाला जर्मनांचा वेढा पडला त्या हिवाळ्यात तो आला आणि भिंतीतच अडकला. फुटला नाही. फुटायची गरज पडली नाही. आतल्या बाजूचे दगड निखळले, आणि त्या बाजूला सिदोनीच्या तान्ह्या आदेलचा पाळणा होता. पुढे सैन्याच्या माणसानं गोळ्यातली दारू काढून नेली. सिदोनीनं गोळा होता तिथेच चुन्यात पक्का बसवून घेतला.

"मागच्या वर्षी इंग्रज पाहुणे आले होते," आजी म्हणाली. "त्यांना इथे कोण घेऊन आलं? बघा, आमचे जर्मन शेजारी कसले राक्षस आहेत, असं कोण म्हणालं? तेल लावून पुसला होतात तुम्ही गोळा. माझ्याच फडक्यानं!"

"तेव्हा इंग्रज आपले मित्र होते, आजी."

"आणि आता?"

"आता जर्मन. वसंतात फ्रान्सचा त्यांच्याशी करार झाला. पेपरात नाही का आलं?"

"म्हणजे माझ्या आदेलला कुणी मारलं, ते आता पॅरिसवाले दरसाल ठरवणार?"

गवंड्याला हसू फुटलं. युसाँसाहेबांनी वर पाहिलं, तसा त्यानं घाईघाईनं छिन्नीवर घाव घातला.

"मोठ्यांच्या गोष्टी आहेत या. इतकी वर्षं मनात धरून कसं चालेल?"

"मनात कुठे? भिंतीत धरलंय."

चुना सुटेना. गवंडी घामाघूम झाला. शेवटी गोळा निघाला, त्याच्या हातून निसटला आणि फरसबंदीवर आपटला. युसाँसाहेब टुणकन मागे उडाले. आजी हलली नाही.

"कुठे नेणार?" तिनं विचारलं.

"ओतशाळेत," गवंडी शिडीवरून उतरत बोलून गेला. "जुनं लोखंड मागवलंय सगळीकडून. नवे गोळे ओतायचेत."

"कुणासाठी?"

गवंड्यानं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी टोपी सारखी केली.

"इंग्रजांसाठी," ते म्हणाले. "म्हणजे, वेळ आलीच तर."

आजीनं आपल्या लाकडी बुटाच्या टोकानं गोळा त्यांच्या पायाशी ढकलला.

"मग चांगला ओता म्हणावं. तिकडच्या कुठल्या तरी बाईला तो जन्मभर सांभाळायचाय."