निळ्या चटईवरची जागा

हिरव्या रंगाचा डबा पालथा झाला आणि बालवाडीतल्या नव्या ताईचा हात वर गेला.

समोर मिरची उभी होती. वय वर्षं चार, उंची टेबलाएवढी, दात घट्ट आवळलेले. गोट्याच्या धक्क्याने सगळा रंग तिच्या चित्रावर आणि फरशीवर सांडला होता. गोट्याचं मनगट तिच्या तोंडापासून दोन बोटांवर असताना ताईने दोघांना ओढून वेगळं केलं होतं. मदतनीस मावशींनी गोट्याला काखोटीला मारून खिडकीपाशी नेलं. मिरची मात्र जागची हलली नाही. वर गेलेल्या हाताकडे ती टक लावून बघत होती. मारणार असशील तर मार, मग मला चावायला मोकळीक, असा तिचा सरळ हिशेब होता.

आणि आता एकच चावा पुरे होता. गेल्या आठवड्यातच पालकांची बैठक झाली होती. मिरची पुन्हा कुणाला चावली तर तिचं नाव शाळेतून काढून टाकायचं, असं एकमुखाने ठरलं होतं. मिरचीच्या आईचं इस्त्रीचं दुकान. शाळा बंद झाली तर पोरीने दिवसभर त्या तापल्या इस्त्रीच्या आसपास खेळायचं. शाळेत यायच्या आधी ती तशीच खेळायची. तिच्या डाव्या तळहातावर त्याची खूण अजून होती.

बैठकीत सगळ्यांची बोटं मिरचीकडे होती. नवी ताई मान खाली घालून बसली होती, कारण खरी चूक कुणाची ते तिला ठाऊक होतं.

वर्गाच्या कोपऱ्यात एक निळी चटई होती. तिच्यावर एक उशी आणि वाळूच्या घड्याळासारखी एक बंद बाटली. शाळा चालवणाऱ्या मोठ्या ताईंचा त्या चटईबद्दल एकच नियम होता. तिथे कुणी कुणाला पाठवायचं नाही. राग आला, रडू फुटलं, की ज्याचं त्याने उठून जायचं, बाटली उलटी करायची आणि वाळू खाली येईपर्यंत बसायचं. मिरचीला हे उमजायला आठ महिने लागले. पण उमजलं. भांडण पेटलं की पोरगी आपली आपण तरातरा जाऊन चटईवर बसायची. दोन महिने कुणाला तिचा दात लागला नव्हता.

मग नवी ताई आली. तिसऱ्याच दिवशी मिरचीने ठोकळे फेकले, आणि ताई ओरडली, "जा, चटईवर जाऊन बस! वाळू संपेपर्यंत उठायचं नाही!"

बास, एवढंच. दुसऱ्या दिवशी पोरंच एकमेकांना दम देऊ लागली, "थांब, तुला चटईवर बसवायला सांगते." चटई ओस पडली. आठवड्याभरात मिरची तिघांना चावली.

मोठ्या ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "पोरांना आता ती शिक्षा वाटते. तुझ्या हातून बिघडलंय, तूच नीट कर."

"कसं?"

"ते मलाही नाही सांगता येणार गं."

नव्या ताईने सगळे उपाय करून पाहिले. उशीला नवा अभ्रा घातला. भिंतीवर चांदण्या चिकटवल्या. एक दिवस तर चटईवर बाहुली नेऊन बसवली. त्यावर पोरांनी गंभीरपणे चौकशी केली, की हिने काय केलं?

आता ताईचा हात वर होता. तिला गोट्याचा राग आला होता, त्या बैठकीचा आला होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तिने तो हात खाली आणला. बराच वेळ लागला त्याला.

"मला खूप राग आलाय," ती म्हणाली.

मग ती वळली. रंगात भरलेल्या पायांनी चालत कोपऱ्यात गेली, गुडघे पोटाशी घेऊन निळ्या चटईवर बसली आणि तिने बाटली उलटी केली.

रडणारा गोट्या रडायचं विसरला. मावशींनी तोंडावर पदर धरला. वाळूचा बारीक आवाज येत होता, आणि इतके दिवस ही बाटली मुलांना दाखवणाऱ्या ताईला तो पहिल्यांदाच ऐकू आला. तिचा राग हळूहळू खाली उतरू लागला. खरंच उतरतो की, तिला वाटलं, आणि तिला स्वतःचीच गंमत वाटली.

तिने मान वर केली. ताईच्या हिरव्या पावलांवर आपली पावलं टाकत मिरची आली होती. मुठी अजून वळलेल्या, दात अजून आवळलेले. चटईच्या कडेशी ती थांबली.

"तुला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. माझी मी आले."

मिरचीने वळून मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान हलवली, की मी नाही बाई. तिने दाराकडे पाहिलं, मोठ्या ताई तिथे नव्हत्या. मग तिने ताईचा चेहरा निरखला, डोळे, ओठ, मग मघाशी वर गेलेला हात. एवढीशी पोर, पण त्या नजरेखाली ताईच्या अंगावर काटा आला. आजवर कुणी तिला इतकं नीट पाहिलं नव्हतं. वाळू अर्धी खाली आली होती.

"मग सरक," मिरची म्हणाली. "मलापण खूप आलाय."