मागचं बघणारी

“सर, ही बाई आरसा धरून नटतेय, मग दुसऱ्या हातात साप काय वेणी म्हणून माळायला घेतलाय?”

वर्ग हसत सुटला. सरांना असं विचारायची पैज मैत्रिणीने, सेजलने, लावली होती, आणि गौरवी पैज हरणारी नव्हेच. दहावीत आल्यापासून तर तिला कुणाचंच भय उरलं नव्हतं.

चित्रकलेचे गोपाळ सरही हसले. पडद्यावरच्या जुन्या युरोपी चित्राकडे त्यांनी बोट दाखवलं. “ही विवेक. सद्गुणाला बाईचं रूप दिलंय. साप शहाणपणाचा. आणि आरसा नटायला नव्हे गो! आपण पुढे गेलो तर मागे काय झालं, ते बघते ती त्यात.”

गौरवी मटकन खाली बसली. तिने सेजलकडे बघितलं नाही. सेजलनेही तिच्याकडे नाही.

गेल्या शनिवारी गौरवीच्या बाबांची स्कूटर घेऊन दोघी रील काढायला निघाल्या होत्या. आरशांनी गाडी एखाद्या काकूंची वाटते, म्हणून गौरवीने पान्याने दोन्ही आरसे काढून डिकीत टाकले. कोरगावच्या उतारावर गाडी मजेत, सावकाश चालली होती. मागून पोंपों ऐकू आलं. पाव विकणारा बाबलीकाका, सायकलवरून. गौरवीने न बघताच गाडी उजवीकडे घातली. मागे धाडकन आवाज झाला.

“बघू नको, चल!” सेजल ओरडली.

आणि गौरवी पुढे गेली.

बाबलीकाकाचा पाय मोडला. आडवं कोण आलं ते त्याला कळलंच नाही. त्याला दवाखान्यात नेलं ते निवृत्तीने, चंदगडहून बांधकामावर आलेल्या गवंड्याने. सांडलेले पावसुद्धा वेचून त्याने काकाच्या घरी पोचवले. पण लोकांनी तिथे मोटरसायकल बघितली ती त्याचीच. मग त्यालाच धरलं. उद्या पोलीस स्टेशनात त्याची जबानी होती, आणि गावातर्फे बाबा जाणार होते.

पाच दिवस सकाळी पोंपों नव्हतं. चहाबरोबर चपाती गिळताना गौरवीला रोज तो धाडकन आवाज ऐकू यायचा.

ती शाळेतून घरी आली तेव्हा बाबा अंगणात स्कूटरपाशी उकिडवे बसले होते. आई बाजूला उभी. एक आरसा लावून झाला होता.

“डिकीत मिळाले,” बाबा मान वर न करता म्हणाले. “शनिवारी तू कुठल्या रस्त्याने गेलीस, मी विचारत नाय. तू सांगू नको.”

“दहावीचं वर्ष, बाय,” आई हळूच म्हणाली. “जरा शहाण्यासारखं वाग. तो गवंडी काय, आज इथं, उद्या त्याच्या गावाला.”

गौरवीने बाबांच्या हातातून पाना घेतला. लावलेला आरसा फिरवून फिरवून काढला आणि आईच्या हातात दिला.

“गाडी उद्या पोलीस स्टेशनात अशीच जाणार, बाबा. चालवा तुम्ही. मी मागे बसणार.”