कोरडं पेट्रोल

महादेवरावांनी मोटारसायकलच्या इंजिनाचं हेड उचललं, तशी त्यांची बायको गोपिका ओसरीवरून उठली.

"घासलेट आण वं थोडं," ते म्हणाले. ती गेली, आली. ताटलीत ओतताना अर्धं घासलेट अंगणातच सांडलं.

जरीपटका वस्तीत गॅरेज चालवणारा हा माणूस एकेकाळी मातीतल्या शर्यतीत ही टू-स्ट्रोक गाडी उडवत असे. गाडी विलायती, कामठीच्या लष्करी लिलावातून आणलेली. मग सावनेर रोडवरच्या शर्यतीत ऐन वळणावर इंजिन जाम झालं, मागचं चाक जागच्या जागी थांबलं आणि महादेवराव पार तारेच्या कुंपणात जाऊन पडले. पाय कायमचा अधू झाला. गाडी ताडपत्रीखाली गेली. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागे, पण इंजिनाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. यंदा काय डोक्यात शिरलं कोण जाणे, म्हणाले, गाडी चालू करूनच पूजा करतो.

इंजिन का जाम झालं, हे एकट्या गोपिकाला ठाऊक होतं. या गाडीच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं, नाहीतर पिस्टन तापून अडकतो; आणि ते काम तिचं. ते टायर बघत, ती डब्यात मापाने तेल घाली. त्याआधीच्या शर्यतीत उमरेडचा एक तरणाताठा पोरगा मानेवर पडून गेला होता. तिने तर धास्तीच घेतली. म्हणून त्या सकाळी तिने तेल घातलंच नाही. बिचारीला वाटलं, तेल नसलं की दिवा पेटत नाही, तशी गाडीही सुरू होणार नाही. पण मेली गाडी पहिल्याच किकला सुरू झाली! तेव्हा तरी तोंड उघडायचं. पण चारचौघांत नवऱ्याची फजिती कशी करायची, म्हणून ती गप्प राहिली.

आता सिलिंडर निघत नव्हता. लाकडाचा ठोकळा लावून महादेवराव हातोडीने हळूहळू ठोकत होते. मेकॅनिकच्या नजरेतून काय सुटतंय? त्यांना कळेल. ते रागावतील, मारतील, त्याचं तिला काही नव्हतं. पण त्यांनी बोलणंच टाकलं तर या घरात दिवस काढायचे कसे?

सिलिंडर निघाला. पिस्टनवर उभे ओरखडे होते. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"तेल नवतं यात."

"अवो, मी..."

"बस खाली. किक मारली तवाच समजलं होतं मले. तेलाचा धूरच निघाला नाई. तुहं काम आहे, हे बी समजलं."

गोपिका खाली बसली. "मंग थांबले काहून नाई तुमी?"

"हेच इचारशीन, म्हणून इतके वर्षं इंजिन खोललं नाई." महादेवरावांनी मान वर केली नाही. "त्या पोराले पडताना पाहिलं तवापासून माहे पाय लटलट कापून राहिले होते, गोपिका. लोकाईत नाई म्हणता येईना. म्हटलं, गाडीच बंद पडली त मले कोनी भित्रा म्हणणार नाई."