कर्नलसाहेबांचं अनावरण

पुतळ्यावर टाकायचं कापड आखूड निघालं. कर्नल अर्सेनियो माग्पांताय यांचा उजवा हात पुढं, बोट रोखलेलं. त्या हातामुळे कापड खांद्यांच्या वर जाईना. आभाळ भरून आलं होतं आणि डोक्याला सोनेरी रंग कालच दिलेला. तो ओघळू नये म्हणून कामगारांनी बायोंग, म्हणजे बाजाराला नेतात ती विणलेल्या पानांची पिशवी, कर्नलच्या डोक्यात घातली. दोरी ओवायला तिला समोरून दोन भोकं पाडली. स्मारक समितीला त्यात काही वावगं दिसलं नाही. समितीत सगळे मेयरचे भाचे-पुतणे होते, आणि ते सगळे महायुद्धात आलेले जपानी निघून गेल्यावर जन्मलेले.

"लोला, तुम्ही फक्त दोरी ओढा. भाषण मी करीन," मेयर रोडेल म्हणाला. लोला म्हणजे आजी; म्हाताऱ्या नार्सिसाला सारा गाव तेच म्हणे. मेयरची नजर तिच्यावर नव्हती, कॅमेऱ्यावर होती. मागच्या फलकावर त्याचा चेहरा कर्नल आजोबांच्या तिप्पट होता. मग तो पत्रकारांकडे वळला. "जपान्यांनी ज्यांना नेलं, त्यांच्यातल्या एकाची ही मुलगी. माझ्या आजोबांचं अनावरण ती करतेय. ते गावासाठी लढले, याला आणखी काय पुरावा हवा?"

नार्सिसाची नात मारिवीक नगरपालिकेत कंत्राटावर होती. ती कानाशी वाकली. "लोला, काही बोलू नका हं. जूनमध्ये माझी मुदत संपतेय. सही यांचीच लागते."

"मी कुठं काय बोलते, बाई."

नार्सिसानं वर पाहिलं.

पुतळा होता त्याच चर्चच्या आवारात युद्धाच्या दिवसांत जपानी शिपाई गावाला रांगेत उभं करत. बायोंग डोक्यात घातलेला एक माणूस रांगेपुढून फिरे, भोकांतून बघे, बोट दाखवी. बोट ज्याच्याकडे, त्याला शिपाई ओढून नेत. मान वर करायची नाही, असं बापानं तिला बजावलं होतं. म्हणून तिनं फक्त बूट पाहिले. तोंड झाकणाऱ्या त्या शूराला दुरंगी बूट बदलायचं सुचलं नव्हतं. तसले बूट गावात एकट्या अर्सेनियो माग्पांतायकडे होते. ते तिच्या बापासमोर येऊन थांबले.

बँड थांबला. मेयरनं दोरी तिच्या हातात दिली. एका पुतण्यानं तिच्या हनुवटीखाली माईक धरला.

नार्सिसानं दोरी सोडून दिली.

"राहू द्या," ती म्हणाली. "पिशवी काढू नका. असाच होता तो. हुबेहूब."

मारिवीकनं डोळे मिटून घेतले.

मेयरला ती स्तुती वाटली. त्यानं हसत टाळ्या सुरू केल्या, भाच्या-पुतण्यांनी त्या उचलल्या. पुढच्या रांगेत गावातली म्हातारी माणसं बसवली होती. त्यांच्यातल्या कुणी टाळी वाजवली नाही. पुतळ्याचं बोट नेमकं त्यांच्याकडे होतं, आणि त्यांनी केव्हाच माना खाली घातल्या होत्या.