दोन आणि सत्तावीस

पिराजीनं नळीत फुंकलं, यंत्रावर दोनचा आकडा उमटला आणि समुपदेशक प्रियदर्शनी मॅडमनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून नर्सनं वाजवल्या. नर्सचं बघून मानसोपचाराच्या ओपीडीत बाकांवर बसलेल्या दहा-बारा जणांनी वाजवल्या. त्यातल्या निम्म्यांना कशासाठी ते ठाऊक नव्हतं, पण कोल्हापुरात सत्कार अडवायचा नसतो.

हंबीररावांनी मात्र दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

पिराजी त्यांचा धाकटा भाऊ. त्याच्या कानात एक माणूस बोलतो, त्याला आता सव्वीस वर्षं झाली. कधी तो शिव्या देतो, कधी हुकूम सोडतो. दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी हंबीरराव भावाला इथं घेऊन येतात, आणि इथली शाबासकी आजवर त्यांनाच मिळत आली. "काका, असा भाऊ मिळायला नशीब लागतं," असं प्रत्येक नवा डॉक्टर रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात म्हणतो. हंबीरराव "कसलं काय" म्हणतात आणि घरी जाऊन ते वाक्य महिनाभर पुरवून पुरवून खातात.

आज ते कुणी म्हणालं नव्हतं.

"शंभर दिवस! एक विडी नाही!" मॅडम म्हणाल्या. "पिराजीराव, हे भल्याभल्यांना जमत नाही हो."

म्हणताना त्यांनी हंबीररावांच्या खिशाकडं पाहिलं, निदान हंबीररावांना तसं वाटलं. खिशात विड्यांचं बंडल होतं. भल्याभल्यांत ते स्वतः मोडत होते. एकदा त्यांनी जोतिबाच्या पायरीवर विडी सोडली होती. डोंगर उतरून खाली येईतो ती परत भेटली.

"आमचं बी बघा की मॅडम," म्हणत ते उठले. तालमीत काढलेल्या चार वर्षांची छाती अजून शाबूत होती. त्यांनी पाय रोवून पवित्रा घेतला, श्वास भरला आणि यंत्राला चितपट करायच्या बेतानं फुंकलं.

सत्तावीस.

दोनाला सत्तावीस! हंबीररावांनी बाकांकडं पाहिलं. टाळ्या आल्या नाहीत, म्हणून मिशीवरून हात फिरवून लोकांना थोडा वेळ दिला.

"काका," मॅडम हळूच म्हणाल्या, "हा छातीतल्या विषारी धुराचा आकडा आहे. कमी असेल तेवढा चांगला."

हंबीरराव खाली बसले. मॅडम पिराजीकडं वळल्या. विडी सुटली की गोळी अंगात जास्त टिकते, म्हणून डॉक्टरांनी रात्रीची गोळी कमी केली होती. "आणि तब्येत अशीच राहिली तर पुढच्या महिन्यात एकटेच या. बसनं जमेल ना?"

"व्हय की," पिराजी म्हणाला. घटकाभर विचारसुद्धा केला नाही पठ्ठ्यानं.

ते "व्हय की" हंबीररावांना गेटपर्यंत टोचत राहिलं. गोळी कमी केली, ठीक. तिच्याबरोबर भाऊही कमी करायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

गेटबाहेर चहाच्या गाड्याशी त्यांनी बंडल काढलं. दोन विड्या एकदम ओठांत धरल्या आणि एकाच काडीवर पेटवल्या. पिराजीनं विडी सोडेपर्यंत वर्षानुवर्षं त्यांची रीतच ती. एक स्वतःला ठेवली, दुसरी पुढं केली.

"घे. एकीनं काय हुतंय? दोनाचं तीन हुतील."

आपण काय करतोय ते हंबीररावांना पक्कं कळत होतं. यानं ही विडी घेतली, की शंभर दिवस पाण्यात आणि बसची दोन तिकिटं कायम. तरी त्यांनी हात मागं घेतला नाही.

पिराजी विडीकडं बघत राहिला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. मग त्यानं मान तिरकी केली. कानातला माणूस बोलायला लागला की तो अशी मान करायचा.

"काय म्हणतुय त्यो?" हंबीररावांनी विचारलं.

"घे म्हणतुय. न्हाय घेतलीस तर आण्णाला वाईट वाटंल, म्हणतुय."

"मग? बराबर बोलतुय की गडी!" सव्वीस वर्षांत त्या माणसाचं आणि हंबीररावांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"आण्णा," पिराजी म्हणाला, "त्याचं ऐकायचं न्हाय, असं तूच शिकवलंयस न्हवं?"

आणि तो चहा सांगायला वळला.

हंबीरराव दोन हातांत दोन पेटत्या विड्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. विडी ओढली नाही तर विझते. त्यांनी उजवीचा झुरका घेतला. तेवढ्यात डावी विझायला आली, म्हणून घाईघाईनं डावीचा घेतला. मग परत उजवीचा. डोळ्यांत पाणी आलं. धुरानंच आलं असणार.

शिरोळहून नातवाला दाखवायला आलेली एक म्हातारी कट्ट्यावर बसून हे सगळं बघत होती. पिराजी चहाचे ग्लास घेऊन जवळून जाताना तिनं त्याला थांबवलं आणि आवाज उतरवून विचारलं, "पावणं, किती वर्सं झाली म्हणायची ह्यास्नी?"

पिराजीनं भावाकडं नीट बघून घेतलं.

"लई जुनं हाय, मावशी," तो म्हणाला. "पर मी एकट्याला सोडत न्हाय त्याला कुठं."