मॉर्न रोशचा पहिला गोल

पंचाने पुन्हा मोजलं. मॉर्न रोशचे खेळाडू सहाच भरत होते.

"सातच्या खाली मॅच होत नाही," तो म्हणाला. "तुम्ही हरलात असं लिहितो."

"लिहा," कप्तान ऑर्लंडो म्हणाला. "पण आम्ही खेळायला आलोय."

ज्वालामुखी फुटून सतरा दिवस झाले होते. बेटाच्या उत्तर टोकाचं मॉर्न रोश रिकामं झालं होतं. त्याची माणसं दक्षिणेला विल्टनच्या शाळेत, वर्गावर्गांत चटया टाकून राहत होती. काही खेळाडू तापाने पडले होते, काहींना कुठल्या छावणीत नेलं त्याचा पत्ता नव्हता. क्लबचा तो पहिलाच मोसम. पाच सामने, पाच पराभव, गोल एकही नाही. लीगवाले म्हणाले होते, यंदा राहू द्या. ऑर्लंडोने ऐकलं नाही. घर गेलं, केळीची बाग गेली, आता शनिवारची मॅचही सोडायची?

समोरच्या विल्टन संघाचे कप्तान थिओफिलस त्याच शाळेत मास्तर होते. ते आपल्या पोरांकडे वळले. "आपले राखीव चौघं यांच्याकडून खेळतील. आणि कथबर्ट, तूसुद्धा."

"मी? या राखुंड्यांकडून?"

कथबर्ट म्हणजे विल्टनचा सगळ्यात तेज फॉरवर्ड. मॉर्न रोशची माणसं राखेने माखून ट्रकमधून उतरली, तेव्हा 'राखुंडी' हे नाव त्यानेच पाडलं होतं. आता पाण्याच्या नळावर सगळं विल्टन तेच म्हणायचं.

"तूच," मास्तर म्हणाले.

पहिला हाफ कथबर्ट नुसता फिरत राहिला. दुसऱ्या हाफमध्ये त्याच्याच जिवलग दोस्ताने त्याच्या पायातून बॉल काढून घेतला आणि हसून ओरडला, "काय रे राखुंडी, दमलास का?"

सगळं विल्टन खो खो हसलं. कथबर्टने मान वर करून पाहिलं. मैदानाच्या एका कडेला मॉर्न रोशची माणसं उभी होती. त्यांच्यातलं कुणीच हसत नव्हतं. रागावलेलंही नव्हतं. सवय झाल्यासारखी ती नुसती समोर बघत होती.

त्याचे कान तापले.

पुढचा बॉल त्याने मैदानाच्या मध्यावर घेतला. एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याला मागे टाकलं, दोस्ताला तर जागीच बसवलं. मग डाव्या पायाने असा हाणला, की गोलकीपरने हातही उचलला नाही.

मग मॉर्न रोशच्या लोकांनी एकच गलका केला. एक म्हातारी चपला टाकून मैदानात धावत आली. तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "गुणाचं माझं लेकरू! कुणाचा रे तू?"

"आमच्या क्लबचा पहिला गोल, भावा," ऑर्लंडो म्हणाला.

ऑगस्टमध्ये सरकारने परतायची परवानगी दिली. मॉर्न रोशचं मैदान राखेखाली गडप झालं होतं, आणि पावसाने ती राख बसून दगडासारखी घट्ट झाली होती. परतल्यावरच्या पहिल्याच शनिवारी सहाही खेळाडू ती खणत होते. रस्त्यावर व्हॅन थांबली. गळ्यात बूट अडकवून कथबर्ट उतरला. विल्टनपासून अडीच तासांचा रस्ता.

"आज प्रॅक्टिस नाही रे," ऑर्लंडो ओशाळून म्हणाला. "मैदानच नाही, बघ ना."

कथबर्टने गळ्यातले बूट काढून कुंपणाला टांगले.

"तेच खणून काढायला आलोय. फावडं दे."